पिकांतील सूक्ष्म द्रव्यांचें अचूक मोजमाप

उसाची गाडी कारखान्याच्या कांट्यावर चढली म्हणजे शेतकऱ्याची नजर त्या कांट्यावरून हलत नाहीं. कारण कांट्यांत खोट असेल तर वर्षभराच्या कष्टाचें मोल चुकतें. पिकांच्या परीक्षणाकरितां रसायनशाळांतून असाच एक अत्यंत सूक्ष्म कांटा वापरण्यांत येतो. त्यास मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वस्तुमानमापक यंत्र, असें म्हणतात. अवर्षणांत तग धरणारें वाण निवडतांना संशोधक या यंत्राच्या आंकड्यांचा आधार घेतात. सबब हे आंकडे कशानें खरे ठरतात व कशानें फसवितात, हें शेतकऱ्यानें समजून घेणें अगत्याचें आहे.

यंत्राचें तत्त्व

वनस्पतीच्या पेशींत साखर, अमिनो आम्लें, सेंद्रिय आम्लें अशीं शेंकडों लहान द्रव्यें अखंड घडत व मोडत असतात. त्यांच्या समग्र अभ्यासास मेटाबोलोमिक्स हें नांव आहे. पानाचा अर्क यंत्रांत सोडला म्हणजे त्यांतील रेणूंवर विद्युद्भार चढविला जातो, आणि विद्युत् किंवा चुंबकीय क्षेत्रांतून जातांना हलके व जड रेणू वेगळे होतात. केंब्रिज येथें जे. जे. थॉमसन यांनीं १९१३ सालीं निऑन वायूचे २० व २२ वजनाचे दोन प्रकार अशाच रीतीनें दाखविले. त्यांचे सहकारी ॲस्टन यांनीं १९१९ सालीं बनविलेल्या यंत्राची अचूकता सुमारें हजारांत एक भाग होती. आजच्या उत्तम यंत्रांत चूक दहा लक्षांत पांच भागांहून कमी ठेवतां येते.

इतक्या सूक्ष्मतेची गरज काय, असें कोणी विचारील. ग्लुटामिन व लायसिन हीं दोन्ही अमिनो आम्लें ढोबळमानानें १४६ वजनाचीं आहेत. परंतु कार्बन-१२ अणूचा बारावा भाग हें एकक धरल्यास त्यांचीं खरीं वजनें अनुक्रमें १४६.०६९१ व १४६.१०५५ भरतात. स्थूल कांटा या दोहोंस एकच समजेल. उलटपक्षीं ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन्ही साखरांचें वजन तंतोतंत एकच, १८०.०६३४ आहे. तेथें केवळ कांट्याची सूक्ष्मता उपयोगी नाहीं. म्हणून अर्क प्रथम विशिष्ट पदार्थानें भरलेल्या बारीक नळींतून नेऊन निरनिराळीं द्रव्यें मागेंपुढें बाहेर पडतील अशी व्यवस्था करतात.

चुका व त्यांवरील उपाय

(१) पासंग.— तराजूप्रमाणें या यंत्राचाहि पासंग उष्णतामानादि कारणांनीं सरकतो. यासाठीं ज्याचें वजन निश्चित ठाऊक आहे असें द्रव्य काम चालू असतांना मोजून बाकीचे आंकडे त्याशीं जुळवून घ्यावे लागतात.

(२) अर्कांतील गर्दी.— क्षार व इतर द्रव्यें यांच्या गर्दीमुळें हवें तें द्रव्य प्रत्यक्षाहून कमी दिसतें. पाण्याचा ताण पडला असतां अनेक पिकांत प्रोलिन हें अमिनो आम्ल सांचतें. समजा, अर्क काढण्याच्या आरंभींच जड कार्बनानें घडविलेलें ५ मायक्रोग्राम प्रोलिन नमुन्यांत घातलें. तें गुणधर्मांनीं पानांतील प्रोलिनसारखेंच, पण वजनानें ५ एककें जड असल्यामुळें यंत्रास वेगळें दिसतें. गर्दीमुळें एकाचा संकेत निम्मा झाला तर दुसऱ्याचाहि निम्माच होतो; प्रमाण ढळत नाहीं. पानांतील प्रोलिनचा संकेत घातलेल्याच्या दुप्पट आढळला, तर तें सुमारें १० मायक्रोग्राम होतें असें समजावें.

(३) मोजणीचा क्रम.— बागायती वाफ्यांचे सर्व नमुने आधीं व कोरडवाहूचे सर्व मागाहून मोजले, तर यंत्राची घसरण हाच पिकांतील फरक म्हणून नोंदला जाईल. म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. सर्व नमुन्यांतून थोडा थोडा अंश घेऊन एक मिश्र नमुना करावा व तो ठराविक अंतरानें पुनःपुन्हा मोजावा. त्याचेच आंकडे ज्या द्रव्याबाबत शेंकडा ३० हून अधिक हलतील, तें द्रव्य हिशेबांतून वगळावें. पानाशिवाय तयार केलेला कोरा अर्कहि मोजावा, म्हणजे भांड्यांतील मळ पिकाच्या नांवावर चढत नाहीं.

(४) नमुना.— सर्वांत मोठी चूक शेतांतच घडते. सकाळच्या व दुपारच्या पानांतील साखर सारखी नसते. शिवाय तोडलेल्या पानांत फेरबदल चालूच राहतात. म्हणून एकाच वेळीं, एकाच वयाचीं पानें घेऊन तीं तत्क्षणीं शून्याखालीं १९६ अंश सेंटिग्रेडच्या द्रव नायट्रोजनांत गोठवावीं लागतात. येथें हयगय झाली तर पुढील यंत्र कितीहि मोलाचें असो, तें चुकीचेंच माप अचूकपणें सांगेल.

उपसंहार

द्राक्षांतील औषधांचे अंश मोजण्यासहि याच जातीचीं यंत्रें वापरतात. २०१० सालीं क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या द्रव्याच्या अंशामुळें भारतीय द्राक्षांचा माल युरोपांत नाकारला गेला; त्या वेळीं अशा सूक्ष्म मापाचें मोल आपल्या बागाईतदारांस कळून चुकलें. यास्तव एखाद्या वाणाचा अथवा खताचा गुण अशा परीक्षणाच्या आधारें सांगितला जाईल, तेव्हां वाचकांनीं चार गोष्टी विचाराव्या: नमुने केव्हां व कसे घेतले, ज्ञात द्रव्य घातलें होतें काय, मोजणीचा क्रम कसा ठरविला, आणि मिश्र नमुन्याचे आंकडे स्थिर होते काय. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सगळें शिवार त्या वाणाखालीं घालूं नये. चार गुंठ्यांवर स्वतः पारखून पाहावें.