वळू शेवरा, वासरू वानेरा: देवणीत रंग कसा उतरतो?

प्रश्न : शेवऱ्या देवणी वळूपासून झालेले वासरू वानेरा निघाले. जात भेसळीची समजावी का? (एक पशुपालक, उदगीर)

उत्तर : नाही. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे एकाच देवणी जातीचे तीन रंगप्रकार आहेत. वानेऱ्याच्या चेहऱ्यावर काळी छटा असते, बालंक्याच्या अंगाच्या खालच्या भागावर काळे ठिपके असतात, तर शेवऱ्याच्या अंगभर अनियमित काळे ठिपके असतात.

प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. त्यामुळे वासराचा रंग केवळ वळूवर ठरत नाही. काही गुण झाकलेलेही राहतात. उदाहरणार्थ, होल्स्टिन जातीच्या गाईंमध्ये काळा रंग प्रभावी आणि लाल अप्रभावी असतो. लाल रंगाचे जनुक झाकून ठेवणाऱ्या काळ्या गाई-वळूच्या प्रत्येक वेतात लाल वासराची शक्यता २५ टक्के असते.

ठिपक्यांचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याजवळून त्वचेकडे सरकतात. जिथे त्या पोहोचत नाहीत, तिथे केस पांढरे उगवतात. म्हणूनच क्लोन केलेल्या गाईंचेही ठिपके तंतोतंत जुळत नाहीत.

देवणीच्या उलट, नांदेडच्या लाल कंधारी गाईचा एकसारखा लाल रंग ही जातीची खूण आहे. तिच्या वासराच्या अंगावर मोठे पांढरे पट्टे दिसल्यास आधी वंशावळ तपासावी. रेतनाची तारीख, वळूचा क्रमांक आणि वासराच्या दोन्ही बाजूंचे फोटो नोंदवहीत ठेवावेत. वळू निवडताना रंगाबरोबरच त्याच्या आईचे दूध, बांधा आणि काटकपणाही पाहावा.