चौथं जहाज

आजचं वचन : रोमकरांस पत्र ५:३-५
सोबत वाचा : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७



आजची वचनं आपल्यापैकी बऱ्याच जणांची संडे स्कूलपासून पाठ आहेत. पौल इथे चार शब्दांची साखळी मांडतो : संकट, धीर, शील, आशा. एकातून दुसरं निघतं, दुसऱ्यातून तिसरं. वाचताना फार छान वाटतं, आणि त्यामुळेच कोणाच्या घरी काही वाईट घडलं की व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात आधी हेच वचन जातं, फुलांच्या फोटोसकट.

गेल्या मंगळवारी आमच्या ऑनलाइन बायबल स्टडीत एका बहिणीने यावरच प्रश्न विचारला. (तिला विचारूनच लिहितोय.) तिच्या आईचं दोन वर्षांपासून डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. ही नाइट शिफ्ट करते आणि सकाळी आईला घेऊन जाते. ती म्हणाली, "दादा, माझी साखळी पहिल्याच कडीला अडकलीये. संकट आहे. पण धीर कुठे आहे? माझी फक्त चिडचिड होते. आईवरसुद्धा. मग माझ्या विश्वासातच काही कमी आहे का?"

स्क्रीनवर नऊ चौकोन होते आणि नऊच्या नऊ म्यूट. मी थोडंफार बोललो, पण एवढ्या मोठ्या प्रश्नाला मीटिंगची शेवटची दहा मिनिटं पुरत नाहीत. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी "धीर" हा शब्द पाहू. मूळ ग्रीक शब्द आहे हुपोमोने. त्याचे दोन तुकडे होतात : "हुपो" म्हणजे खाली, आणि दुसऱ्या तुकड्याचं मूळ "मेनो", म्हणजे राहणं, टिकून असणं. ओझ्याखाली टिकून राहणं. यात चेहऱ्यावर हसू असलं पाहिजे असं कुठेही नाही. आवाज शांत हवा असंही नाही. आपण मराठीत "धीर धर" म्हणतो ते बहुतेक वेळा "रडू नकोस" या अर्थाने, आणि मग वचनातला धीरही आपल्याला तसाच ऐकू येतो.

हाच ग्रीक शब्द याकोबाच्या पत्रात ५:११ मध्ये येतो, आणि तिथे तो ईयोबाबद्दल वापरलाय. आता ईयोबाचं पुस्तक उघडा. पहिल्या दोन अध्यायांत तो शांत आहे, हे खरं. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि तिथून पुढे कितीतरी अध्याय देवाशी भांडतो, प्रश्न विचारतो, मित्रांवर वैतागतो. पवित्र शास्त्र या माणसाला धीराचं उदाहरण म्हणून दाखवतं! कारण एवढं सगळं बोलताना त्याने तोंड देवाकडेच ठेवलं. तो उठून निघून गेला नाही. आणि शेवटी ४२:७ मध्ये देव रागावतो तो मित्रांवर, ज्यांच्याकडे ईयोबाच्या दुःखाचं नीट, तर्कशुद्ध स्पष्टीकरण तयार होतं. ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला, असं देव सांगतो. हे वाचल्यापासून कोणाच्या दुःखाचं कारण समजावून सांगण्याची मला जरा भीतीच वाटते.

म्हणजे ताई, तू चिडतेस, आणि तरी मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी सकाळी आईला रिक्षात बसवतेस. याकोबाने ईयोबासाठी जो शब्द वापरला तो तुलाही लागू पडतो, असं मला वाटतं. (आईवर ओरडल्याबद्दल आईची माफी माग, ते वेगळं. तेही ओझ्याखाली राहूनच करायचं असतं.)

पुढचा शब्द "शील". इथे मराठी वाचकाची थोडी गफलत होऊ शकते, कारण शील म्हटलं की आपल्याला सदाचरण, चांगली वागणूक आठवते. ग्रीक शब्द आहे दोकिमे : पारखून पाहिलेलं, कसाला उतरलेलं. सोनार कसोटीवर सोनं घासतो तेव्हा सोनं तयार होत नसतं, ते किती खरं आहे ते दिसत असतं. कोणाला दिसतं? सोन्याला नाही, बघणाऱ्याला. फिलिप्पैकरांस २:२२ मध्ये पौल तीमथ्याबद्दल हाच शब्द वापरतो आणि म्हणतो की त्याचं शील तुम्हांला माहीत आहे. "तीमथ्याला माहीत आहे" असं नाही. तुम्हांला.

मला वाटतं, आपली खरी अडचण इथे आहे. संकटात आपण सारखे स्वतःलाच तपासत बसतो. माझा विश्वास वाढला का? मी काय शिकलो? देवाला यातून मला काय दाखवायचंय? प्रगतिपुस्तक बघितल्यासारखं. आणि काही दिसलं नाही की निराश होतो. पण वचन सांगतं ती वाढ बहुतेक करून आपल्याला दिसतच नाही. ती दुसऱ्याला दिसते. कधी कधी दुसऱ्याच्याच उपयोगी पडते.

पौलाचंच बघा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, ११:२५ मध्ये, तो सहज सांगून जातो की तीन वेळा माझं जहाज फुटलं आणि एक अख्खा दिवस-रात्र मी समुद्रात काढली. तीन वेळा! प्रेषितांच्या कृत्यांत लूकने यातल्या एकाचीही हकिगत दिलेली नाही. ती जहाजं का फुटली, देवाला त्यातून काय साधायचं होतं, कोणाला माहीत नाही. पौलही सांगत नाही. त्यानंतर इ.स. ५७ च्या सुमारास तो करिंथहून रोमकरांना पत्र लिहितो, म्हणजे आजचं वचन लिहिणारा माणूस तीनदा बुडता बुडता वाचलेला आहे.

आणि चौथं जहाज अजून पुढे आहे.

प्रेषित २७. पौल कैदी म्हणून रोमला निघालाय. धान्याचं मोठं जहाज, हंगाम उलटून गेलेला. पौल म्हणतो, पुढे जाऊ नका, नुकसान होईल. शताधिपती यूल्य साहजिकच कैद्यापेक्षा तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं ऐकतो. मग वादळ. कितीतरी दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. विसाव्या वचनात लूक लिहितो की वाचण्याची सगळी आशा संपली, आणि तो "आमची" म्हणून लिहितोय. लूक स्वतः त्या जहाजावर होता. आशा या शब्दाने संपणारी साखळी ज्याने लिहिली, त्याच्या शेजारी बसलेल्या विश्वासणाऱ्याची आशा संपली होती. लूकने हे लपवलं नाही, याचा मला फार आधार वाटतो.

आता या जहाजावर पौल काय करतो ते नीट वाचा. देवदूताने दिलेला निरोप तो सगळ्यांना सांगतो, हे तर आहेच. पण बाकीच्या गोष्टी फार साध्या आहेत. खलाशी नांगर टाकण्याच्या बहाण्याने छोटी होडी पाण्यात सोडून पळायला बघतात, ते त्याच्या लक्षात येतं. चौदा दिवस लोकांच्या पोटात काही नाही, हे त्याच्या लक्षात येतं. पहाटेच्या सुमारास तो सगळ्यांना म्हणतो, काहीतरी खाऊन घ्या. स्वतः भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे उपकार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. त्याला खाताना बघून बाकीचेही खातात. लूकने इथे आकडाही दिलाय : २७६ माणसं.

आमच्या धंद्यात रात्री अडीचला प्रॉडक्शन बंद पडलं की फोन कोणाला लावतात? सगळ्यात हुशार माणसाला नाही. ज्याच्यासमोर ते याआधी तीनदा बंद पडलंय, त्याला. तो आला तरी लगेच काही दुरुस्त होत नाही. पण तो म्हणतो, "आधी लॉग बघू, आणि कोणीतरी चहा सांगा," आणि खोलीतल्या सगळ्यांचा श्वास जागेवर येतो. दोकिमे म्हणजे काय, ते मला ग्रीक शब्दकोशापेक्षा अशा रात्रींनी जास्त समजावलंय.

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. पाच महिने घरी होतो. त्या काळात प्रार्थना करायला बरेच जण आले आणि बहुतेकांनी सांगितलं की देवाची काहीतरी योजना असणार. मंडळीतले एक काका मात्र आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "हप्ता किती आहे?" काका परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली ती कायमची. तो संप तर अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. तेव्हा ते पंचविशीत होते, पदरात एक मूल. काकांनी माझ्याकडून वहीत खर्च लिहून घेतला, बँकेत आधी कोणाला भेटायचं ते सांगितलं, आणि बायकोला म्हणाले, "हा चिडेल. मनावर घेऊ नकोस, मीपण चिडायचो." दर महिन्याला घरी तांदळाची पिशवी येत राहिली. चाळीस वर्षांपूर्वी घरात बसून होते तेव्हा काकांना आपल्यात शील वगैरे तयार होतंय असं वाटलं असेल का? मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "छे रे. लाज वाटायची फक्त."

पंडिता रमाबाईंचं आयुष्यही मला याच ओळीत दिसतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, ऐन सोळा-सतराच्या वयात, काही महिन्यांच्या अंतराने त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पटकीने नवरा. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, इंग्लंडात. पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना, बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन वाढलं ते त्यातून. भुकेने माणूस कसा होतो हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. म्हणून देवाने त्यांचे आईवडील नेले, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. ईयोबाचे मित्र तसं म्हणाले असते. आणि रमाबाईंचा "धडा" शिकून झाला म्हणून संकटं थांबली असंही नाही. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला त्या स्वतः गेल्या.

मग आशा कशावर उभी आहे? आपल्या धीरावर की शीलावर? पाचवं वचन वाचताना आपण घाई करतो. पौल म्हणतो की ही आशा आपल्याला तोंडघशी पाडत नाही, आणि कारण देतो : पवित्र आत्म्याच्या द्वारे देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. कारण "तुम्ही मजबूत झालात" हे नाही. लगेच सहाव्या वचनात तो म्हणतो की ख्रिस्त मेला तो आपण दुर्बळ असताना. म्हणजे साखळीचं टोक आपल्या हातात नाहीच. कडी निसटेल अशी भीती वाटते त्या सकाळीसुद्धा टोक ज्याने धरलंय, त्याने धरलेलंच असतं.

या आठवड्यात जमलं तर स्तोत्र ८८ मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी "पण" म्हणून काही येत नाही. देवाने तेही प्रार्थनेच्या पुस्तकात राहू दिलंय. आणि मंगळवारच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना : शनिवारी सकाळी डायलिसिसला सोबत कोण जाणार, त्याची यादी ग्रुपवर टाकलीये. अजून दोन नावं हवीत. ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी आधी लिहा.

प्रार्थना : प्रभू येशू, जे आज ओझ्याखाली आहेत आणि ज्यांना स्वतःत काहीच चांगलं दिसत नाही, त्यांच्याजवळ राहा. ज्यांना जहाज फुटण्याची सवय आहे अशा कोणाला तरी त्यांच्याकडे पाठव. आमच्यापैकी कोणाला पाठवायचं असेल तर आम्हांला भाकर घेऊन पाठव, भाषण घेऊन नको. आमेन.

उद्या : प्रेषित २८. मलिता बेट, पाऊस, थंडी, आणि नुकताच समुद्रातून बाहेर आलेला पौल काटक्या गोळा करतोय.