अवर्षणी मुलखातील ताली आणि बांध

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस शंभरएक किलोमीटर उतरून माण-फलटणच्या बाजूस आले की तोच पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर जिल्हा आणि अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) जिल्ह्याचा दक्षिण भाग हा सर्व मुलूख असा पर्जन्यछायेत वसलेला आहे. येथे पाऊस थोडा. आणि जो येतो तोही लहरी. मृगात एखादी सर, मग महिनाभर उघडीप, आणि हस्तात एके दिवशी दोन तासांत ओढ्यांना पूर, असा त्याचा क्रम असतो.

ज्या मुलखात पाऊस कमी, तेथे माती वाहून जाण्याचे भय मात्र अधिक, हे विद्यार्थ्यांस प्रथम चमत्कारिक वाटते. शिक्षकांनी त्याचे कारण नीट समजावून द्यावे. उन्हाळ्याच्या अखेरीस या भागातील भुई गवतावाचून उघडी पडलेली असते. शिवाय येथील पुष्कळसे पीक रब्बीचे. ज्वारी पेरावयाची ती पाऊस उतरताना. म्हणून खरा पाऊस पडत असतो तेव्हा ही शेते मोकळीच असतात. उघड्या मातीवर मोठा थेंब आदळला की ढेकूळ फुटते, बारीक कण पाण्यात मिसळतात, मातीच्या तोंडावर साय धरल्यासारखा थर बसतो आणि पाणी आत मुरण्याऐवजी उतारास लागते. त्या पाण्यासह जातो तो शेताचा वरचा, सर्वांत कसदार भाग.

या हानीचे मान वर्गात गणिताने काढून दाखविता येते. एक हेक्टर शेतावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. त्याच हेक्टरावरून एक मिलिमीटर जाडीची माती वाहून गेली तर ती दहा घनमीटर, म्हणजे वजनाने सुमारे बारा ते तेरा टन भरते. एका बैलगाडीत अर्धा टन माती धरली तर पंचवीस गाड्या माती गेली, आणि शेताकडे पाहून मात्र काहीच गेल्यासारखे दिसले नाही! खडकापासून तेवढी माती तयार होण्यास किती पिढ्या लागतात याचा विचार केला म्हणजे जुन्या शेतकऱ्यांनी तालीसाठी एवढा जीव का टाकला ते ध्यानी येते.

ताल म्हणजे ओघळीच्या किंवा उताराच्या आडवा घातलेला दगडांचा वा मातीचा बांध. या प्रदेशात ताल घालण्याची विद्या कोणत्याही खात्याने आणलेली नाही. ती फार पूर्वीपासून शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. ओघळीत प्रथम हात-दोन हात उंचीची दगडी रचाई करावयाची. पावसाळ्यात तिच्यामागे गाळ साचतो. पुढील उन्हाळ्यात रचाई आणखी थोडी चढवावयाची. पुन्हा गाळ साचतो. अशा रीतीने दहापंधरा वर्षांत, जेथे पूर्वी केवळ दगडगोट्यांची घळ होती तेथे गाळाचे सपाट शेत तयार होते, आणि ते बहुधा त्या शिवारातील सर्वांत ओल धरणारे शेत ठरते. अधिक झालेले पाणी निघून जावे म्हणून एका बाजूस दगडांनी बांधलेला सांडवा ठेवीत. हे काम एका वर्षात पुरे करावयाचे नसतेच. घाईने उंच बांधलेली ताल पहिल्या पुरातच जाते हे ज्याने एकदा पाहिले तो ती हळूहळू वाढवितो.

परंतु या विद्येस एक मर्यादा होती. ताल ज्याच्या त्याच्या शेतापुरती असे. पाणी तर सर्व्हे नंबर पाहून वाहत नाही! वरच्या माळावर गुरांनी गवत खुरटून खाल्ले, झाडे तुटली, म्हणजे तेथून येणारा लोंढा खालच्या कष्टाळू माणसाची ताल एका रात्रीत फोडून जाई. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात बैल गेले, माणसे परागंदा झाली आणि अनेक ठिकाणी तालींची डागडुजी करणारे हातच उरले नाहीत. सरकारने दुष्काळी कामे काढली ती मुख्यतः रस्त्यांची आणि मोठ्या तलावांची. माण नदीवरील म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव त्याच काळातील कामांपैकी होय. माळावरची माती मात्र जशी जात होती तशीच जात राहिली.

या गोष्टीकडे बोट दाखविणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रगण्य होत. १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी सरकारास अशी सूचना केली की, पलटणीतील व पोलिसांतील फालतू शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे डोंगरावरील पालापाचोळ्याचे सत्त्व पाण्याबरोबर नदीनाल्यांत न जाता शेतांतच मुरेल. खडकवासल्याच्या धरणाच्या बांधकामाशी फुल्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आला होता. तेव्हा दगडमातीच्या कामाची ही सूचना अनुभवाची होती, हे विसरता कामा नये. ती त्या काळी कोणी मनावर घेतली नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ साली कोरडवाहू शेतीचे प्रयोग आरंभिले गेले आणि १९३३ पासून सोलापूर येथे त्याच विषयाचे संशोधन केंद्र चालू झाले. उतारावरून पाणी किती वाहते, त्याबरोबर माती किती जाते, बांध घातल्याने ओल किती वाढते याची मोजमापे तेथे झाली. त्यांतून जी पद्धती सिद्ध झाली ती मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धती म्हणून ओळखली जाऊ लागली. समपातळीवर बांध घालावेत, काही वर्षांनी एकदा खोल नांगरट करावी, पावसाळ्यात वेळोवेळी कुळवाच्या पाळ्या द्याव्यात, बी थोडे व ओळी दूर ठेवाव्यात, हे तिचे सार. यातील कुळवाची पाळी शेतकऱ्यास नवी नव्हती; समपातळी रेषा मात्र नवी होती.

या रेषेपाशी शिक्षकांनी थोडे थांबावे, कारण पुढील सर्व इतिहास तिच्याभोवती फिरतो. उतारावरील सारख्या उंचीच्या ठिकाणांस जोडणारी जी रेषा ती समपातळी रेषा. तिच्यावर बांध घातला तर पाणी बांधाच्या सर्व लांबीत सारखे अडते. एका टोकास धावून तेथे बांध फोडीत नाही. परंतु ही रेषा निसर्गाने आखलेली असते आणि शेताची हद्द माणसाने. दोन्ही जुळण्याचे काही कारण नाही. रेषा एका शेताच्या मधून तिरपी जाते, दुसऱ्याच्या कोपऱ्यास शिवते आणि तिसऱ्याच्या विहिरीवरून निघते.

१९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. बांधबंदिस्ती, तलाव, चराईवर नियंत्रण इत्यादी कामांची योजना आखावी, ती गावात प्रसिद्ध करावी, हरकती ऐकून घ्याव्यात, आणि मंजूर झाल्यावर ती साऱ्या क्षेत्रावर अमलात आणावी, अशी त्यात तरतूद होती. एकाने बांध घातला आणि शेजाऱ्याने नाही, ही जुनी अडचण या कायद्याने दूर होणार होती. खर्चाचा काही भाग शासनाने सोसावा व उरलेला शेतमालकाकडून वसूल व्हावा असे ठरले. पुढील दोन-तीन दशकांत या मुलखात समपातळी बांधांचे फार मोठे काम झाले. माळरानावर मैलोगणती गेलेल्या त्या बांधांच्या खुणा अद्यापि अनेक ठिकाणी ओळखू येतात.

खुणा ओळखू येतात असे म्हणावे लागते, कारण पुष्कळ ठिकाणी खुणाच उरल्या. हे असे का झाले? मध्यम जमिनीत या बांधांनी चांगला गुण दिला. भारी काळ्या जमिनीची गोष्ट निराळी. ती भिजली की फुगते आणि वाळली की तिला हात जाईल अशा भेगा पडतात. बांधही त्याच मातीचा. म्हणून उन्हाळ्यात बांधास भेगा आणि पहिल्या मोठ्या पावसात त्याच भेगांतून खिंडार. जेथे बांध टिकला तेथे त्याच्या वरच्या अंगास पाणी साचून पीक पिवळे पडू लागले. पुढे अशा जमिनीसाठी किंचित ढाळ दिलेले, जादा पाणी हळूच बाहेर नेणारे बांध सुचविण्यात आले. दुसरे कारण जमिनीचे नव्हे, मनाचे होते. बांध शासनाचा, आखणी ओव्हरसियरची, आणि जागा मात्र आपली, अशी भावना शेतकऱ्याच्या मनात राहिली. वरच्या शेतातला बांध खालच्याच्या उपयोगी. तो राखावा कोणी? आपल्याकडे बांधावरून होणारी भांडणे सर्वांच्या परिचयाची आहेत. औत धरताना दरवर्षी वीतभर बांध कोरला जातो आणि काही वर्षांत पाभर त्यावरूनच फिरते. अडाणीपणा म्हणून या वर्तनाची बोळवण करणे योग्य नाही. ज्या कामाचा विचार करताना आपणास विचारले गेले नाही, त्याची दुरुस्ती स्वखर्चाने करण्यास कोण सहज तयार होईल?

१९७२ च्या दुष्काळात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव यांची कामे निघाली. त्याबरोबरच रस्त्याकडेला खडीचे ढीगही पुष्कळ लागले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या कायद्याने पक्के स्वरूप मिळाले व २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. भुकेल्या माणसास मजुरी मिळाली, हे या योजनेचे मोठेच पुण्य होय. पण मजुरी देण्यासाठी काम आणि पाणी अडविण्यासाठी काम यांत फरक राहतो. पाझर तलाव कोठे असावा हे मजुरांच्या संख्येवरून ठरत नाही, खालच्या खडकावरून ठरते.

त्याच दुष्काळातून पुरंदर तालुक्यातील नायगावचा प्रयोग जन्मास आला. पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तेथील देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड उताराची जमीन दीर्घ मुदतीने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खणली, आणि विहिरीचे पाणी पुन्हा वर चढवून त्याच उतारावर फिरविले. एवढ्यावर ते थांबले असते तर एक चांगली शेती झाली असती. पुढे पाणी पंचायतीच्या रूपाने त्यांनी जे नियम बसविले त्यांत या प्रयोगाचे वेगळेपण आहे. पाण्याचा वाटा जमिनीच्या मानाने नव्हे, तर घरातील माणसांच्या मानाने ठरावयाचा, माणशी अर्धा एकर; कुटुंबास त्याची कमाल मर्यादा. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावावयाचा नाही. खर्चाचा पाचवा भाग लाभधारकांनी आधी भरावयाचा. ज्याने आधी पदरचे पैसे घातले तो बांध फुटलेला पाहून स्वस्थ बसत नाही, हे मर्म येथे नेमके हेरलेले दिसते.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची हकीकत सर्वश्रुत आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या प्रेरणेने तेथे गळका पाझर तलाव दुरुस्त झाला, नाल्यांवर बांध पडले, आणि चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गावाने स्वतःवर घालून घेतली. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच असताना डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले. परंतु चरांपेक्षा महत्त्वाचा तेथील पाण्याचा ताळेबंद होय. पाऊस किती झाला हे मोजून, त्यावरून कोणती पिके घ्यावयाची व कोणती सोडावयाची हे गाव ग्रामसभेत ठरविते; शेतीच्या सिंचनासाठी कूपनलिका घेण्यासही तेथे मनाई करण्यात आली.

या सर्व कामांतून जो विचार पुढे आला त्यास पाणलोट क्षेत्र विकास म्हणतात. ज्या उतारांवरचे पाणी एका ओढ्यास मिळते तो सर्व भाग एक धरावा आणि काम माथ्यापासून आरंभून पायथ्याकडे यावे, हे त्याचे सूत्र. १९८३ पासून राज्य शासनाच्या योजनांतही त्यास स्थान मिळाले. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात यंत्रांनी नाले खोल व रुंद करण्याचे काम वेगाने झाले; माथ्याचे काम मागे राहून पायथ्याशीच खोदाई झाली, असा आक्षेप त्यावर अभ्यासकांनी घेतला. जुना ताल घालणारा शेतकरी वर्षाला हात-दोन हात चढे. यंत्र एका दिवसात नाला खोदते. वरचा माळ उघडाच असेल तर त्या खड्ड्यात गाळ येण्यास विलंब लागत नाही.

हा पाठ पावसाळ्याच्या आरंभी घ्यावा. समपातळी रेषेची कल्पना देण्यासाठी दहा मीटर लांबीची पारदर्शक नळी पाण्याने भरून तिची दोन टोके दोन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत व दोन्ही टोकांतील पाणी ज्या उंचीवर स्थिर होईल त्यावरून शाळेच्या आवारातील सारख्या पातळीची ठिकाणे चुन्याने खुणावीत. पहिल्या मोठ्या पावसानंतर बांध असलेल्या व नसलेल्या शेतांखालून वाहणारे पाणी दोन सारख्या बाटल्यांत भरून वर्गात दोन दिवस ठेवावे आणि तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजावा. त्यानंतर जवळच्या शिवारातील एखादा जुना बांध निवडून विद्यार्थ्यांना तेथे न्यावे. बांधाची उंची, सांडवा आहे की नाही, कोठे खिंडार आहे, कोठे तो कोरला गेला आहे, याची नोंद वहीत करावी. आणि बांधाच्या वरचा व खालचा अशा दोन्ही शेतकऱ्यांस, वेगवेगळे, एकच प्रश्न विचारावा की हा बांध मागे कधी व कोणी दुरुस्त केला होता. दोन्ही उत्तरे जशीच्या तशी, शेजारी शेजारी लिहून घ्यावीत.