नोकरी गेली, कायक कुठे गेले?



कल्याणच्या शरणांपैकी आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. रायचूर जिल्ह्याच्या लिंगसुगूर तालुक्यातील अमरेश्वर हे त्यांचे मूळ गाव. तेथून ते कल्याणला आले आणि सांडलेले तांदूळ वेचून आणण्याचे कायक मारय्याने पत्करले. 'अक्की' म्हणजे तांदूळ. त्याचे नावच मुळी या कायकावरून पडले. 'शून्यसंपादने' या ग्रंथात या दोघांचा प्रसंग विस्ताराने आला आहे. एकदा मारय्या अनुभवाच्या गोष्टीत इतका रमला की कायकाची वेळ टळू लागली, तेव्हा लक्कम्माने त्याला आठवण करून दिली. दुसऱ्या एका वेळी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घरी आणले, तेव्हा तिने ते होते तेथे परत टाकून येण्यास सांगितले.

प्रवचनात ही कथा बहुधा निर्लोभतेवर आणून थांबवतात. ते योग्यच आहे. पण आज तिच्यातील एका दुर्लक्षित भागाकडे पाहू. मारय्याने वेचून आणलेला तांदूळ काही तसाच्या तसा जंगमांच्या पानात पडत नव्हता. अंगणात सांडलेला तांदूळ म्हणजे त्यात माती, खडे, काडीकचरा आलाच. तो पाखडायचा, निवडायचा, तीन-चार पाण्यांनी धुवायचा, चूल पेटवून शिजवायचा, वाढायचा आणि शेवटी भांडी घासून पालथी घालायची. इतके झाले म्हणजे मग दासोह घडला. उंबऱ्याबाहेरचे अर्धे काम मारय्याचे आणि उंबऱ्याच्या आतले अर्धे लक्कम्माचे, असे ते एकच कायक होते. बाहेरचे तेवढे कायक आणि आतले ते 'बायकांचे काम' ही वाटणी शरणांनी केलेली नाही, ती आपण मागाहून केली आहे.

हे सगळे आठवण्याचे कारण माझ्या पाहण्यातले एक घर आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका छोट्या कारखान्यात हा गृहस्थ एकोणीस वर्षे लेथवर होता. २०२० च्या टाळेबंदीनंतर कारखान्याला कामे मिळेनाशी झाली आणि पुढच्या वर्षी तो बंदच पडला. पत्नी एका पतसंस्थेत कारकून. घरात त्याची वृद्ध आई आणि शाळेत जाणारी दोन मुले. माणूस सालस, निर्व्यसनी, रोज इष्टलिंगपूजा चुकवणार नाही असा. नोकरी गेली तरी पत्नीच्या पगारात घर कसेबसे चालत होते, म्हणून बाहेरच्यांना वाटे की यांचे बरे चालले आहे. एके सोमवारी मठात माझ्या पत्नीपाशी ती बाई हळूच म्हणाली, "काकू, ह्यांना काम नाही म्हणून मी एका शब्दानं बोलत नाही. पण मला दिवसात बसायला कधी मिळतं, एवढं तरी कुणी विचारावं."

पहाटे पाचला उठून ती भाकऱ्या थापी, डबे भरी, सासूचे पथ्याचे करी, ऑफिसला जाई, संध्याकाळी येताना भाजी घेऊन येई, आणि आल्यावर पदर खोचून पुन्हा ओट्यापाशी उभी राही. नवरा त्या वेळी बाहेरच्या खोलीत मान खाली घालून बसलेला असे. तो आळशी मुळीच नव्हता. दिवसभर चार ठिकाणी विचारून आलेला असे आणि चारही ठिकाणी नकार ऐकलेला असे. मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मी मदत करतोच की काका. सांगितलं ते सगळं करतो."

या दोन वाक्यांतील एकेक शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. 'मदत' म्हणजे काम दुसऱ्याचे आणि आपण उपकारापुरता हात लावला. आणि 'सांगितलं ते' म्हणजे काय? घरात डाळ संपत आली आहे, उद्या नळाला पाणी येण्याचा दिवस आहे, आईच्या गोळ्या परवापर्यंतच पुरतील, धाकट्याच्या वहीवर सही राहिली आहे, हे सारे एकाच डोक्याने वागवायचे आणि दुसऱ्याने हुकमाची वाट पाहायची. वाहणाऱ्याला हे ओझे घागरीइतकेच जड असते, मात्र ते डोळ्यांना दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, लक्कम्माने मारय्याला जशी जाणीव दिली तशी या बाईने द्यावी. येथे मला थोडे थांबवावेसे वाटते. ही कथा बेकार माणसाला टोचण्यासाठी वापरलेली मी ऐकली आहे, आणि ती वापरणाऱ्यांची मला कीव आली आहे. मारय्याचे कायक हातचे होते, त्याची वेळ फक्त तो विसरला होता. ज्याचा कारखानाच बंद पडला त्याने काही विसरलेले नाही. त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. पहिले काही दिवस तो सुन्न असतो. घरच्यांनी ते सोसले पाहिजे.

परंतु ते किती दिवस? इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली. तिच्या सुमारे सहा हजार कामगारांचे थकलेले देणे मार्गी लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, म्हणजे बत्तीस वर्षे गेली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि कित्येकांना गिरणीचे दार पुन्हा दिसलेच नाही. त्या काळात गिरणगावात खानावळ चालवून, भाजी विकून, चार घरची धुणीभांडी करून बायकांनी घरे तगवली. 'काम मिळेपर्यंत चालवून घेऊ' म्हणावे, तर ते 'मिळेपर्यंत' किती लांबेल ते कोणाच्याच हाती नसते. भाकरी मात्र रोज दोन वेळा लागते.

नोकरी हे आपल्या कायकाचे एक रूप आहे. ती दुसऱ्याने दिलेली असते, म्हणून दुसरा ती काढून घेऊ शकतो. कायक कोणाला काढून घेता येत नाही. पंचाचारातील सदाचार सांगतो की प्रामाणिक श्रमाने जगावे. त्या श्रमाला हजेरीपत्रक असलेच पाहिजे असे तो सांगत नाही. मडिवाळ माचय्या कपडे धूत असे. कदिरे रेम्मव्वा सूत कातीत असे. सत्यक्का अंगण झाडीत असे. धुणे आणि केर हे शरणांच्या यादीत पूज्य ठरले आणि आपल्या न्हाणीघरात येताच कमीपणाचे झाले, याला काय म्हणावे!

आणि पुरुषांना हे जमत नाही असेही नाही. जत्रेच्या दिवशी मठाच्या दासोहात पाहा. चांगले पन्नाशीचे, मानमरातबाचे गृहस्थ धोतर खोचून मोठमोठ्या कढयांत हुग्गी ढवळतात, पंक्ती वाढतात, उष्टी काढतात, आणि त्यात धन्यता मानतात. भृत्याचार म्हणतात तो हाच. त्यांपैकी कित्येकजण दुसऱ्या दिवशी घरी जेवून उठताना स्वतःचे ताट जागचे हलवत नाहीत. हे लिहिताना मी स्वतःला वगळलेले नाही.

देशभरच्या घरांचे चित्रही असेच आहे. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसात बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करतात त्यांचा सरासरी वेळ पाहिला तर स्त्रियांची २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७. शंभरातल्या चौऱ्याहत्तर पुरुषांनी त्या दिवशी केरसुणीला किंवा भांड्याला हातही लावला नव्हता.

तर मग वाटणी कशी करावी? काही जण म्हणतील, निम्मे-निम्मे. मला ते पटत नाही. एकजण आठ तास बाहेर राबतो आणि दुसऱ्याला ते आठ तास मोकळे आहेत, तेव्हा घरचा मोठा वाटा दुसऱ्याने उचलावा हे उघड आहे. उलट काही जण म्हणतील, ज्याला मिळकत नाही त्याने सगळेच करावे. तेही बरोबर नाही, कारण मग घरकाम ही बेकारीची शिक्षा ठरते. आणि काम शोधणे हेही एक कामच आहे. पैशाने मोजू गेले की कमावणारा मालक होतो आणि न कमावणारा गडी. माझ्या मते मोजायची ती विश्रांती. रात्री दोघांची पाठ साधारण एकाच वेळी अंथरुणाला टेकते का, आणि दिवसात घटकाभर स्वस्थ बसणे दोघांच्याही वाट्याला येते का, एवढे पाहावे.

त्या घरात एका रविवारी दोघे कागद घेऊन बसले. सकाळी दहा ते एक ही वेळ त्याच्या कामाच्या शोधासाठी राखली. त्या वेळेत त्याला कोणी दळणाला पाठवायचे नाही. पाणी भरणे, आईची औषधे, रेशन, संध्याकाळचा स्वयंपाक आणि रात्रीची भांडी त्याच्याकडे आली. सकाळचे डबे आणि धुणे तिच्याकडे राहिले. मुख्य अट अशी की, जे काम ज्याचे त्याचा विचारही त्यानेच करायचा. संध्याकाळी काय शिजवायचे हे तिला विचारायचे नाही. त्यासाठी लागणारी डाळ आहे की नाही हेही त्यानेच पाहायचे.

पहिला महिना सुखाचा गेला असे म्हणणार नाही. आमटी कधी खारट, कधी पाणचट होई. तो ओटा पुसून गेला की ती मागून पुन्हा पुसायला जाई, आणि मग त्याचा चेहरा पडे. दिलेले काम आपल्या पद्धतीने होत नाही म्हणून परत ओढून घेण्याची ही सवय आपल्या बहुतेक भगिनींना असते. वर्षानुवर्षे त्या कामावरच त्यांची पारख झालेली असते, म्हणून ती सहज सुटत नाही. पण सोडल्याशिवाय दुसऱ्याचा हात वळत नाही. लेथवर तरी तो पहिल्याच दिवशी कारागीर झाला होता काय?

आईंना मात्र ते पाहवेना. "माझ्या लेकावर ही वेळ आली," म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. श्रावणात मडिवाळ माचय्याची कथा हात जोडून ऐकणाऱ्या त्याच ह्या माउली. त्यांना कोणी वाद घालून पटवले नाही. लेक रोज वेळेवर गोळ्या आणि गरम पेज आणून देऊ लागला, तेव्हा त्या कुरकुरायच्या थांबल्या इतकेच.

याच मोजमापाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टाळेबंदीच्या काळात खासगी शाळांतील कितीतरी शिक्षिकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्याविषयी 'बेकार' हा शब्दच कोणी वापरला नाही. 'आता घरीच असते' एवढेच म्हटले आणि सारे घर त्यांच्या अंगावर टाकून सगळे मोकळे झाले. तिलाही शोधासाठी सकाळचे तीन तास राखून दिलेले कोणा घरात पाहिले आहे का? तिलाही अर्ज लिहायचे असतात, मुलाखतीला जायचे असते, आणि नकार मिळाला की तिलाही घटकाभर सुन्न बसावेसे वाटते. पुरुष बेकार झाला तर त्याचे दुःख, आणि स्त्री बेकार झाली तर घराची सोय, असा हिशेब ज्या घरात होतो तेथे विश्रांतीचा तराजू पुन्हा एकदा तपासून पाहावा.

त्या गृहस्थाला दीड वर्षाने एका दुसऱ्या कारखान्यात काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी, पाळी दुपारची. काम लागले त्या रविवारी दोघे पुन्हा तोच कागद घेऊन बसले. संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याकडे गेला आणि सकाळचे डबे त्याच्याकडे आले. भाकरी त्याला अजून गोल जमत नाही. पाण्याचा दिवस आणि आईच्या गोळ्या कोणाकडे हा प्रश्न त्या दिवशी निघालाच नाही.