मोटारीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर : बदलण्यापूर्वी आणि बदलताना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 साली झाली आणि त्यानंतरच्या दशकांत पिंपरी-चिंचवड परिसराचे रूप पालटून गेले. टेल्को आणि बजाज यांच्या कारखान्यांमागोमाग भोसरीत सुटे भाग तयार करणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे चाकणच्या माळावर फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज-बेंझ यांचे प्रकल्प आले. वाहनांची तपासणी व प्रमाणीकरण करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात कार्यरत असून चाकण येथेही तिचे केंद्र आहे. ज्या परिसरात जवळजवळ प्रत्येक घरातील एखादी व्यक्ती मोटार उद्योगाशी संबंधित आहे, तेथेही गाडीच्या पोटाखालील एका पत्र्याच्या डब्याविषयी बरेच गैरसमज आढळतात. तो डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अर्थात उत्प्रेरक परिवर्तक.

इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान बसविलेल्या या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळीदार वीट असते. ती बहुधा चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची असून तिच्या सूक्ष्म नळ्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. धूर त्यातून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये, न जळलेल्या इंधनाचे पाणी व कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होते. हे धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. मात्र वीट सुमारे 250 ते 300 अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय त्यांचे काम नीट सुरू होत नाही.

आपल्या देशात 1 एप्रिल 1995 पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हे उपकरण सक्तीचे झाले. शिसे या उत्प्रेरकास निकामी करीत असल्याने त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करून देण्यात आले, आणि 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून हद्दपार झाले. एका डब्यासाठी सबंध देशाचे इंधन बदलावे लागले, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा मानके लागू झाली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, कार्यशाळेतील यंत्र ‘पी 0420’ हा संकेत दाखविते आणि गाडीमालकास नवा कन्व्हर्टर घेण्याचा सल्ला मिळतो. या संकेताचा अर्थ इतकाच की उत्प्रेरकाची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी भासते आहे. धुराच्या नळीस बारीक गळती असली किंवा ऑक्सिजन सेन्सर बिघडला असला, तरीही हाच संकेत येऊ शकतो. म्हणून गळती व सेन्सर यांची तपासणी झाल्याखेरीज मोठ्या खर्चास मान्यता देऊ नये. डबा थंड असताना रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यास आतून खुळखुळाट ऐकू आला, तर वीट फुटली असे समजावे. गाडी चढावर दम टाकीत असेल, तर वितळलेल्या विटेने धुराचा मार्ग कोंडल्याचा संशय घेण्यास जागा आहे.

वीट वितळते कशाने, हे कळल्याशिवाय नवी बसविणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब झाल्यास न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथेच पेटते. इंजिन तेल पीत असेल, तर तेलातील घटकांचे पुट उत्प्रेरकावर चढते. बॅटरी उतरलेली गाडी वारंवार ढकलून सुरू करण्याची आपली जुनी सवयही या विटेस घातक आहे. मूळ दोष तसाच ठेवला, तर नवा कन्व्हर्टरही अल्पावधीत जुन्याच्या वाटेने जातो.

काही ठिकाणी वीट काढून रिकामी नळी जोडून देण्याचा स्वस्त उपाय सुचविला जातो. खिशास तो सोयीचा वाटतो, परंतु वाहनाच्या मूळ रचनेत असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याची अनुमती नाही. शिवाय भारत स्टेज चार व त्यापुढील पेट्रोल मोटारींना पीयूसी तपासणीत इंजिन मंद गतीने चालू असताना कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण 0.3 टक्क्यांपर्यंतच चालते. ही मर्यादा पाळणे अशा गाडीस अवघड आहे. नाशिक फाट्यावरील कोंडीत त्या धुराचा पहिला वाटेकरी मागचा दुचाकीस्वार असतो.

प्रत्यक्ष बदल करताना गाडी पूर्ण निवू द्यावी आणि ती लिफ्टवर किंवा भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री गंजमारक तेल लावून ठेवल्यास ते तुटत नाहीत. सेन्सर आधी अलगद सोडवावेत. नव्या कन्व्हर्टरवरील बाणाची दिशा धुराच्या दिशेशी जुळली पाहिजे. गॅस्केट नवेच वापरावे, आणि फट बुजविण्यासाठी सामान्य सिलिकॉन कधीही लावू नये, कारण त्याची वाफ सेन्सरला निकामी करते. नव्या पद्धतीच्या अनेक गाड्यांत कन्व्हर्टर थेट इंजिनाजवळ मॅनिफोल्डशी जोडलेला असतो. असे काम प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावे. उष्णतारोधक पत्रे पुन्हा जागेवर बसविण्यात कुचराई होते, ती टाळावी. उन्हाळ्यात वाळक्या गवतावर उभ्या केलेल्या गाडीखाली आग लागण्याचा धोका त्यामुळे वाढतो.

राहिला प्रश्न जुन्या डब्याचा. त्यात काही ग्रॅमच का होईना, मौल्यवान धातू असतो. रोडियम प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेतून येतो आणि 2021 च्या मार्चमध्ये त्याचा भाव औंसाला 29,000 डॉलरच्या वर गेला होता. त्या सुमारास राज्यात अनेक ठिकाणी इको व्हॅनचे सायलेन्सर चोरीस जाऊ लागले, त्यामागे याच ‘माती’ची किंमत होती. चिखली-कुदळवाडीतील भंगाराची दुकाने महापालिकेने 2025 च्या फेब्रुवारीत हटविली असली, तरी भंगाराचा व्यवहार थांबलेला नाही. वीट फोडताना उडणारी बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते, म्हणून डबा अखंडच द्यावा. बिलावर नव्या भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. जुना डबा कार्यशाळेने ठेवून घेतला असल्यास त्याची किंमत बिलातून वजा झाली आहे की नाही, हे पाहूनच पैसे चुकते करावेत.