बेडका निगेटिव्ह, तरी पुन्हा तपासणी?

प्रश्न : शेंद्रा एमआयडीसीत कामाला आहे. तीन आठवडे खोकला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बेडका निगेटिव्ह आला, तरी डॉक्टर ‘ट्रूनॅट’ करा म्हणतात. धुळीचाच खोकला असेल ना?

उत्तर : असेलही, पण अंदाजावर राहू नका. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायला मिलिलिटरभर बेडक्यात साधारण १०,००० तरी लागतात. ट्रूनॅट त्यांचा डीएनए शोधते, म्हणून शे-दोनशे असले तरी सापडू शकतात, तेही तासाभरात. जंतू सापडले तर रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध लागू पडेल का, हेही पुढे कळते. ही तपासणी गोव्याच्या कंपनीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस केली. मात्र डबीत नुसती लाळ दिलीत, तर यंत्र काय करणार? सकाळी चूळ भरा, खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. घाटी रुग्णालयात किंवा सरकारी केंद्रात या तपासणीचे पैसे पडत नाहीत.