घरच्या कोनाड्यातील सर्व्हर

सन १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांच्या सैन्याने ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. शिंदे दरबाराच्या आश्रयास आलेली मराठी कुटुंबे येथे पिढ्यानुपिढ्या नांदली. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांनी १९४१ साली येथेच देह ठेवला. कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ साली येथे सुरू केलेले संगीत विद्यालय पुढे त्यांच्या वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १९६१ च्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने प्रथमच एका महिलेची निवड झाली, ते संमेलनही याच नगरीत भरले होते. हा झाला नोंद असलेला इतिहास. नोंद नसलेला इतिहास लष्करातील जुन्या घरांच्या पेट्यांत आहे आणि तो वाळवीच्या तोंडी आहे.

प्रस्तुत लेखकाची आत्या लष्करात राहते. तिचे यजमान, आमचे आतोबा, यांच्या पश्चात गाण्याच्या वह्या, मोडीतील काही कागद आणि पत्रव्यवहार असा सुमारे बाराशे पानांचा संग्रह मागे राहिला. मुले पुण्यास व परदेशी. कागद कोणी न्यावेत हा वाद काही वर्षे चालला. अखेर सर्व पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि ती सर्वांना पाहता येतील अशा रीतीने त्याच घरात ठेवावीत असे ठरले. हे काम एका लहानशा सर्व्हरने कसे साधले, हे येथे सांगावयाचे आहे. लेखक कला शाखेचा पदवीधर आहे; त्यास जे जमले ते वाचकांसही जमावयास हरकत नसावी.

सर्व्हर हा शब्द ऐकताच थंडगार दालनातील कपाटाएवढी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः मागेल त्यास मागितलेले पान काढून देणारा कोणताही संगणक हा सर्व्हरच होय. ग्रंथालयातील शिपाई चिठ्ठी पाहून पुस्तक आणून देतो, तितकेच त्याचे काम. लिहिलेली पाने आणि छायाचित्रे जशीच्या तशी द्यावयाची असतील, तर या कामास फारशी शक्ती लागत नाही. २०१२ साली ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांसाठी रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्याच्या आकाराचा संगणक अवघ्या ३५ डॉलर किमतीस निघाला, तेव्हापासून असे काम सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आले. आता त्याचे अनेक प्रकार मिळतात. किंमत स्मृतीच्या क्षमतेनुसार व बाजारानुसार बदलते, म्हणून ती चौकशी करूनच घ्यावी.

विजेचा हिशेब मात्र येथेच करता येईल. पाच वॅटचे यंत्र अहोरात्र चालले, तर महिन्यास सुमारे साडेतीन युनिट आणि वर्षास ४४ युनिट वीज लागते. साठ वॅट खाणारा टेबलावरील जुना संगणक याच कामासाठी वर्षाला ५२५ युनिट घेईल. घरात जुना लॅपटॉप पडून असेल, तर तो मधला मार्ग होय. त्याची स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी तो काही काळ चालतो. बॅटरी फुगलेली दिसल्यास मात्र तो वापरू नये.

जागेविषयी अनेकांची कल्पना अवास्तव असते. वहीच्या एका पानाचे वाचण्याजोगे छायाचित्र तीनशे किलोबाइटमध्ये बसते. म्हणजे बाराशे पाने चारशे मेगाबाइटच्या आत. टंकलिखित मजकूर तर नगण्यच. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, तेव्हा दोन हजार चिन्हांचे पान सहा किलोबाइटचे झाले. मोडी लिपीचाही युनिकोडमध्ये २०१४ साली समावेश झाला आहे. तथापि मोडी कागदाचे छायाचित्र आणि त्याखाली देवनागरीतील वाचन अशी मांडणी वाचकाच्या अधिक उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. मूळ, मोठ्या आकाराची छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर राखून ठेवावीत.

यंत्रावर घालावयाच्या प्रणालीस पैसे पडत नाहीत. लिनक्स आणि तीवर चालणारा अपाची किंवा एनजीनेक्स यांपैकी एक कार्यक्रम एवढे पुरते. पाने साधी ठेवावीत. प्रत्येक पानावर तारीख, विषय आणि कागद कोणाच्या हातचा आहे, हे लिहावे. आम्ही पहिल्या उत्साहात हे केले नाही. परिणामी चारशे पानांना केवळ क्रमांक राहिले आणि आत्यास शेजारी बसवून पुन्हा एकेक पान उघडावे लागले. ते तीन आठवडे लेखक विसरणार नाही. कारण कोणती चीज आतोबा कोणास शिकवीत होते, हे आत्या अक्षर पाहून सांगे, आणि ते कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते.

खरी अडचण पुढे आली. घरातल्या घरात, वाय-फायवर, सर्व पाने उत्तम दिसत. पुण्याहून काहीच दिसेना. याचे कारण समजण्यास वाड्याचे उदाहरण घेऊ. वाड्यात दहा बिऱ्हाडे असून टपालाचा पत्ता एकच असेल, तर आतून बाहेर पत्रे जातात व त्यांची उत्तरेही देवडीवरचा माणूस ओळखून पोहोचवितो. परंतु बाहेरून नव्याने आलेले पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे, हे त्यास कळत नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडल्याने अनेक पुरवठादार कित्येक ग्राहकांना मिळून असा एकच पत्ता देतात. यावर तीन उपाय आहेत. पुरवठादाराकडून जादा आकार भरून स्वतंत्र कायम पत्ता घ्यावा. नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता मिळत असल्यास तो वापरावा, मात्र पाहणाऱ्याकडेही ती सोय हवी. किंवा बाहेरील भाड्याच्या एखाद्या लहान सर्व्हरमार्फत घरापर्यंत सुरक्षित वाट काढावी. आम्ही पहिला उपाय केला. नाव घेतानाही विचार करावा. २०१४ पासून देवनागरीत लिहिलेले, शेवटी ‘.भारत’ असलेले नाव घेता येते. नाव कोणतेही घेतले, तरी त्याचे नूतनीकरण कोण करणार, हे घरात आधी ठरवावे.

दार उघडले की चोरही येतो. इंटरनेटला जोडलेल्या यंत्राचे दरवाजे चाचपणारे स्वयंचलित कार्यक्रम अहोरात्र फिरत असतात. यंत्राचा मूळ परवलीचा शब्द प्रथम बदलावा, पाने देण्यास आवश्यक तेवढीच दारे खुली ठेवावीत, आणि प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी. घरच्या इतर उपकरणांपासून हे यंत्र शक्य तर वेगळे ठेवावे. दुसरी काळजी हक्कांची. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षेपर्यंत त्याच्या प्रकाशित ग्रंथावर हक्क चालू राहतो. त्यामुळे संग्रहातील छापील पुस्तके आम्ही वगळली. खासगी पत्रांवर परवलीचा शब्द ठेवला. ज्यांच्या घरगुती गोष्टी त्यांत आहेत, त्यांची मुले अद्याप याच शहरात राहतात.

ग्वाल्हेरचा उन्हाळा यंत्रासही सोसत नाही. येथे पारा ४५ अंशांवर जातो, आणि चिपचे तापमान ऐंशीच्या घरात गेले की ती आपला वेग आपणच कमी करते. आम्ही प्रथम हा संगणक माळ्यावर ठेवला होता. मे महिन्यात तो खाली, जाड भिंतीतील कोनाड्यात आणला. अचानक वीज जाण्याने मेमरी कार्डावरील लेखन अर्धवट राहून ते बिघडते. एकदा तसे झालेही. तेव्हापासून पाने कार्डाऐवजी लहान एसएसडीवर आहेत आणि राउटर व संगणक दोन्ही इन्व्हर्टरच्या जोडणीवर आहेत.

तरीही कित्येक दिवस रोज रात्री दहाच्या सुमारास पाने दिसेनाशी होत आणि पहाटे पुन्हा दिसू लागत. पुरवठादाराकडे तक्रार झाली, तारा बदलून झाल्या. नंतर उलगडा झाला: निजण्यापूर्वी घरातील सर्व बटणे बंद करावयाची, ही आत्याची साठ वर्षांची सवय. जगातील पहिला वेब सर्व्हर १९९० साली जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी चालविला, तेव्हा त्यांनाही यंत्र बंद न करण्याविषयीची चिठ्ठी लाल शाईने लिहून त्यावर डकवावी लागली होती. आमची चिठ्ठी मराठीत आहे. आत्याने ती स्वतःच्या हाताने लिहिली आणि बटणावर चिकटविली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संपूर्ण संग्रहाची एक प्रत पुण्यातील डिस्कवर उतरते. दुसरी प्रत आत्याच्या कपाटात, मूळ वह्यांच्या शेजारी, कापडात बांधून ठेवलेली असते. गेल्या दिवाळीत ती उघडून पाहिली, तेव्हा दोन पाने वाचता येत नव्हती. ती पुण्याच्या प्रतीवरून पुन्हा घेतली.